चौथा ठिपका

कंबरेचं हाड मोडल्यापासून लेकाने मला वेधशाळेच्या क्वार्टरमध्ये आणून ठेवलं होतं. डोंगरावर दोन खोल्या आणि बोलायला भिंती. "या क्वेसारचं काम संपलं की तुला घरी सोडतो," असं तो म्हणायचा.

क्वेसार म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेच्या पोटातला झगझगीत उजेड. वाटेत दुसरी दीर्घिका आडवी आली, तिच्या ओढीने तो उजेड वाकला आणि चार वाटांनी आपल्याकडे यायला लागला. म्हणून एकाचे चार ठिपके दिसतात. क्वेसार भडकला की चारही ठिपके भडकतात, पण ज्याची वाट लांबची त्याला उशीर होतो. तो उशीर मोजणं हेच लेकाचं काम. आतापर्यंत दोन भडकले होते.

आज सकाळी तो हसत घरात आला. तिसरा भडकला होता.

"म्हणजे एकच राहिला," मी म्हटलं. "तो कधी?"

"उन्हाळ्यात. पण तेव्हा आपला क्वेसार सूर्याच्या बाजूला असेल. दिसायचा नाही."

"मग रे?"

"मग तो पुन्हा भडकेपर्यंत थांबायचं. परत पहिल्यापासून."

"तुझ्या क्वेसारपाशी तू बस, बाबा. मला उद्याच्या गाडीत बसवून दे."

"बसवतो. तिथे तीन जिने तुला कोण चढवणार?"

मी भिंतीकडे तोंड करून बसले. तो खरं बोलत होता, त्याचाच जास्त राग आला. त्याने चहाचा कप माझ्या हातात दिला आणि पाठीमागची उशी नीट केली.