मका कुणाच्या हातची?

सकाळी आखाडा, म्हणजे रानातलं खोपट, झाडताना भागुबाई कोपऱ्यातल्या युरियाच्या पोत्यापाशी थबकायच्या. पोत्यावरची धूळ पदरानं पुसायच्या आणि बांधाकडं बघायच्या. बांधावर कुणी नसायचं. मग उरलेलं झाडून व्हायचं.

नवरा, रामराव, गेल्यापासून त्या गावातलं घर सोडून शेतातल्या या आखाड्यावर एकट्याच राहत होत्या. लेक दीपिका मानवतला दिली होती. फोनवर ती रोज विचारायची, "जेवलीस का?" आणि या रोज म्हणायच्या, "जेवले बाई." चूल पेटली होती की नाही, हे फोनवर कुठं दिसतं?

विहिरीलगतचं दीड एकर रान एवढंच त्यांच्या सोबतीला. बांधापलीकडं धाकट्या दिराचं, भुजंगचं, रान. खुरपणी, पाणी, राखण, सगळं भागुबाई स्वतः करायच्या. अडायचं ते एकाच ठिकाणी. बी असो की खत, रानात पहिली मूठ सवाष्णीनंच टाकायची, अशी त्या गावची रीत. पहिली मूठ पडली की उरलेलं अख्खं पोतं विधवेनं उन्हातान्हात पसरलं तरी कुणाची ना नव्हती! ही रीत बसवणाऱ्या शहाण्यानं रानात कधी घाम गाळला नसावा, एवढं नक्की.

पेरणीला भुजंगची बायको, जाऊ तानुबाई, आली होती. मूठ टाकून गेली. आता मका गुडघ्याला लागली तशी भागुबाईंनी तिला बांधावर गाठलं.

"तानू, खताची मूठ टाकून जाती का? येळ झालाय बग."

"येते की आक्का. आमच्या गव्हाला पानी द्यायलेत, तेवढं हुंद्या."

गव्हाचं पाणी झालं. मग तानुबाईच्या माहेरचे पाहुणे आले. मग ती म्हणाली, "आता येळवस तोंडावर आली, ती झाल्यावर येते." बिचारीच्या मनात खोट नव्हती. दुसऱ्याची भूक आपल्या पोटाला कळत नाही, एवढंच.

पण मका थांबत नाही. ते खादाड पीक आहे. गुडघ्याएवढं झालं की ते झपाट्यानं वाढीला लागतं आणि त्याच दिवसांत त्याला नत्र लागतं. मातीत नत्र मिळालं नाही, तर ताट आपल्याच खालच्या पानांतलं नत्र ओढून वरच्या कोवळ्या पानांना देतं. खालचं पान टोकापासून मधल्या शिरेनं पिवळं पडत आत येतं आणि वाळून जातं. घरातली म्हातारी आपल्या ताटातली भाकर नातवाला सारते, तसंच ते. आणि याच दिवसांत कणसावर दाणे किती बसायचे तेही आत ठरत असतं. मागाहून कितीही खत घातलं, तरी तेव्हा हुकलेलं पुरतं भरून येत नाही.

भागुबाईंना पुस्तकी कारण ठाऊक नव्हतं, पण मका उपाशी आहे हे त्यांना दिसत होतं. गेल्या साली असंच झालं होतं. तेव्हा भुजंग म्हणाला होता, "वैनी, पुढल्या साली बी असंच झालं तर रान मी करतो. तुमी घरी बसून खावा." घरी बसून! ज्या बाईची वाट बघणारं जगात एक रानच उरलं होतं, तिला तो ते सोडून भिंतीकडं बघत बसायला सांगत होता.

एका सकाळी पोत्याला उंदरानं भोक पाडलेलं दिसलं. खाली पांढरे दाणे सांडले होते. भागुबाईंनी ते गोळा केले. उकिरड्यावर टाकायला जीव होईना. पाणी द्यायला जाताना विहिरीपाशी, पाटाच्या ओलीतल्या दहा-बारा ताटांच्या बुडाला त्यांनी ते हळूच टाकले. 'सांडलेलंच तर हाय, ही काय मूठ न्हवं,' असं त्यांनी स्वतःलाच समजावलं.

येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं सगळं घरदार रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, आंबील आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं जेवण होतं. भुजंगच्या रानात पाहुण्यांची पंगत बसली. भज्जी भागुबाईंनीच रांधली होती. पूजेच्या वेळी मात्र त्या कोपीच्या मागं उभ्या राहिल्या.

जेवताना भुजंगची आत्या, सत्यशीलाबाई, बांधापलीकडं बघून म्हणाली, "अगं बया, त्या मकंला कावीळ झाली का काय? राम गेला तवापासून त्या रानाला कळाच न्हाई. पांढरा पाय रानाला बी लागतो म्हनतात."

कुणी हसलं नाही, कुणी अडवलंही नाही. भुजंग घास खाली ठेवून म्हणाला, "वैनी, पुढल्या सालापासून मीच करतो ते रान. लोकं काय बाय बोलायलेत."

भागुबाईंनी हातातलं भज्जीचं भांडं खाली ठेवलं.

"भुजंग, उठ. हिकडं बघ. ती विहिरीजवळची तेवढी ताटं काळीभोर कशी हायत?"

सगळ्यांच्या माना वळल्या. पिवळ्या रानात एवढाच हिरवागार पुंजका उभा होता.

"त्यांच्या बुडाला खत मी टाकलंय. ह्या हातानं. अन् पिवळी पडलीय ती सवाष्नीची वाट बघून पडलीय."

त्या तडक आखाड्यात गेल्या. विळ्यानं पोतं फाडलं, पदराची ओटी बांधली आणि खतानं भरून घेतली. रामराव गेल्यापासून त्या पदरात कुणी तांदळाचा दाणा घातला नव्हता.

"वैनी, आज येळवस हाय!" भुजंग बांधावर आडवा आला. "अपशकुन करू नका."

"भूक लागलीय रे तिला. उपाशी लेकराला कुनी इचारतं का, वाढनारीच्या कपाळाला कुंकू हाय का न्हाई? सर बाजूला."

तो सरला. भागुबाईंनी पहिली मूठ टाकली. आभाळ कोसळलं नाही. मदतीलाही कुणी आलं नाही. दिवस कलेपर्यंत त्या एकट्याच ओळीओळीनं खत टाकत राहिल्या आणि डोळे पुसत राहिल्या. आता पाणी हवं होतं, पण विहिरीवरच्या सामाईक मोटारीची किल्ली भुजंगच्या घरच्यांकडं. ती मागायचं तोंड आज उरलं नव्हतं.

आणि एकाएकी मोटार सुरू झाली. पाटानं पाणी सरसरत आलं. भागुबाईंनी पाहिलं, तर तानुबाई मोटारीच्या पेटीकडून खाली मान घालून भांड्यांकडं परत चालली होती.

पुढं मका हिरवी झाली, पण अर्धीमुर्धीच. वाळलेली पानं वाळलेलीच राहिली. उतारा गेल्या सालापेक्षा बरा आला, व्हायला हवा होता तेवढा नाही. भुजंगनं रानाचं नाव परत काढलं नाही. तसं आखाड्याकडं येणंही बंद केलं. गावातल्या बायका बांधावरून बोलायच्या त्याही बोलेनाशा झाल्या. रान राहिलं, माणसं गेली.

एका संध्याकाळी ताक द्यायच्या निमित्तानं तानुबाई आली. भागुबाईंनी तिच्यापुढं दोन कणसं ठेवली. विहिरीजवळचं कणीस शेंड्यापर्यंत दाण्यांनी गच्च होतं. दुसरं आखूड, शेंड्याला दाण्यांविना नुसताच पांढरा बुरकुंडा.

तानुबाईचे डोळे भरले. "आक्का, मी येळंवर आले असते तर..."

"तू आली न्हाईस म्हनून न्हाई गं झालं. मी थांबले म्हनून झालं. आता न्हाई थांबायची."

भागुबाईंनी भरलेलं कणीस उचललं आणि क्षणभर तशाच राहिल्या. सवाष्णीची ओटी त्यांच्या हातून भरली जाऊ नये, हेही रीतीतच होतं. तानुबाईनं पदर पसरला. कणीस पदरात पडलं. तेवढ्यात वाटेवर भुजंगच्या मोटरसायकलचा आवाज आला, तशी तिनं ते झटकन पदराखाली झाकलं आणि ती निघाली.

भागुबाई दारात उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. तानुबाईला ते कणीस लपवून न्यावं लागलं, ते कुणाच्या भीतीनं? एकट्या भुजंगच्या, असं म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्या-ऐकणाऱ्या आपल्याला सुटता येणार नाही. त्या पंगतीत आपणही जेवत होतो, आणि सत्यशीलाबाई बोलली तेव्हा आपल्यापैकी कुणीच तिला अडवलं नाही.