कासवभुंग्याचे सोने

सकाळचे ऊन त्या बसथांब्यावर घाईने येत नव्हते. आधी ते पत्र्याच्या कडेवर रेंगाळले, मग गंजलेल्या खांबावरून हळूहळू उतरले, बाकाच्या ओल्या पाठीला टेकले, आणि अखेर आईच्या मांडीवरच्या कापडी पिशवीवर येऊन स्थिरावले. लेक त्या उन्हाकडेच पाहत होता. आईच्या चेहऱ्याकडे पाहणे त्याला अलीकडे जमत नसे.

थांब्यामागे मात्र झुंबड उडाली होती. तिथे भुंग्यांनी रोग शोषून घेणारे म्हणून भुंगेबाबा बसले होते.

"मूठ मिटा! घट्ट! आता उघडा!"

एका शिंप्याने मूठ उघडली. मघाशी त्याच्या तळहातावर सोन्याच्या थेंबासारखा झळकणारा जिवंत भुंगा आता तांबडालाल झाला होता.

"शोषला रोग!" बाबा गरजले. "जगात रोग दोनच! एक या मुठीत मावणारा, दुसरा त्या मुठीत!"

आई कधी उठून रांगेत शिरली, ते लेकाला कळलेच नाही. तिनेही मूठ मिटली, उघडली. भुंगा तांबडा. तिचे डोळे भरून आले.

"ओढून घेतलं रे त्यानं सगळं! आता कशाला शहरातलं रुग्णालय? चल, माघारी फिरू."

ही बस चुकली, तर आई पुन्हा रुग्णालयाची वाट धरणार नाही, हे लेक जाणून होता. कीटकसंग्रहालयात टाचलेल्या किड्यांखाली नावे लिहिण्यात त्याची सहा वर्षे गेली होती. चारचौघांत बोलायचे म्हटले की जीभ टाळ्याला चिकटे. तरीही तो मागच्या जांभळ्या फुलांच्या वेलीत शिरला, पाने उलटीपालटी करून परतला. त्याच्या बोटांत तसलाच सोनेरी भुंगा होता.

"याला कासवभुंगा म्हणतात. या वेलीवर ढिगानं आहेत." त्याने तो चिमटीत हलकेच धरला. बघता बघता सोने विरले, तांबडा रंग वर आला. "मला तर काही आजार नाही."

"असेल, कळला नसेल!" शिंपी म्हणाला. लोक खदखदून हसले.

"याची पाठ काचेसारखी असते. आत ओलाव्याचे पातळ थर असतात, त्यांवरून उजेड परततो, म्हणून सोनं दिसतं. दाबलं की हा घाबरतो, ओलावा ओसरतो आणि खालचा तांबडा रंग दिसू लागतो. थांबा जरा." त्याने भुंगा पानावर ठेवला. काही मिनिटांत तो पुन्हा सोनेरी झाला. "मग रोग कुठे गेला? पानाला जडला?"

"अश्रद्ध हातात रोग उलटतो!" बाबा ओरडले. माना डोलल्या. रांग एक पाऊल पुढे सरकली.

"दादा, मावशी, आधी तपासून बघा," तो जवळजवळ विनवू लागला. "डॉक्टरांना विचारा. ते सांगतील ते ऐका, मनाला पटलं नाही तरी ऐका."

शिंप्याने दुसरी मूठ पुढे केली.

आईने लेकाची बाही धरून त्याला बाजूला घेतले. "तुझंच खरं. मला त्या भुंग्यानं घटकाभर फसवलं. तुला कुणी फसवलंय, बाळा?"

"म्हणजे?"

"डॉक्टरांचा फोन मी दाराआडून ऐकलाय."

बस आली. वाहकाने दोनदा हाक मारली. लेक पिशवी उचलून तसाच उभा राहिला. शहरातल्या डॉक्टरांनी त्या फोनवर त्याला स्पष्ट सांगितले होते: रोग सगळीकडे पसरला आहे, आता उपचार नाहीत, आईंना प्रवासाची दगदग नको. आई बरी होणार नव्हती.