गौरेच्या आडोशाने

हरणांना माणसाचे भय असते, गाईचे नसते. एवढ्याच गोष्टीवर सहदेव पारध्याच्या घरची चूल पेटत असे. त्याची गाय गौरा काळविटांच्या रोखाने चरत चरत जाई. तो तिच्या अंगाशी वाकून, तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकीत चाले आणि कळपाच्या वाटेवर फासे मांडून तसाच मागे सरे. ती वासरू असल्यापासून त्याने तिला हे शिकवले होते. त्या विद्येत आवाजाला स्थान नव्हते.

स्वराज्य येऊन आठ-दहा वर्षे झाली होती. गावचे पाटील खुशालराव यांना पीक राखण्याच्या परवान्यावर बंदूक मिळाली, आणि गौरेच्या आडून काळवीट मारण्याची त्यांना हौस वाटली. सहदेवाची बायको भागीरथा हिने त्याला नको म्हणून बजावले. परंतु पाटलांनी वर्मावर बोट ठेवले.

"बार आयकला की तुही गाय पार एलिचपूरले जाऊन थांबन, नाही काय रे?"

"माही गौरा ढग गरजले तरी कान हालवत नाही, पाटील," सहदेव चिडून बोलून गेला. आणि मग तो शब्द मागे घेणे त्याच्या मानी स्वभावाला साधेना.

अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या झुडपी रानात माघातल्या एका सकाळी ते निघाले. गौरेच्या खांद्याशी सहदेव, मागच्या पायांशी धोतर सावरीत वाकलेले पाटील. कळप टप्प्यात येऊ लागला तोच गौरेची कातडी थरथरली. सहदेवाने पाठीवर तळवा ठेवताच ती स्थिर झाली. तिच्या पोटाखालून त्याने पलीकडे पाहिले.

पलीकडे लांडग्याची मादी होती. तीही गौरेच्याच आडोशाने, पोट जमिनीला लावून, त्याच कळपाकडे सरकत होती. तिची आचळे दुधाने लोंबत होती. तिने सहदेवाकडे पाहिले आणि पुन्हा काळविटांवर दृष्टी लावली. आपली विद्या इतक्या शुद्धपणे आचरणारे दुसरे कुणी सहदेवाने जन्मात पाहिले नव्हते. त्याचे मस्तक आपोआप लवले. त्याने मागे हात करून थांबण्याची खूण केली.

पाटलांनी गाईच्या पोटाखालूनच बार काढला.

छर्रे मातीत गेले. मादी गेली, कळप गेला, आणि गौरा दोर हिसडून बोरींच्या काट्यांत शिरली.

"काहून काढला बार?" सहदेवाने मागे वळून विचारले.

"लांडगा होता न बे. सोडू काय त्याले?"

"मी हात केला होता."

"हात केला म्हने. उद्या मले बंदूक धरनं शिकवशीन. अन् तुही गाय कान हालवत नव्हती न?" पाटील धूळ झटकीत हसले. "नाही आली वापस, त अंजनगावच्या बाजारातून दुसरी घेऊन देतो."

"अन् तिच्यासंगं वर्सानुवर्सं वाकून चालाले तुमी येसान काय?"

बंदूक खांद्यावर टाकून पाटील गावाकडे चालू लागले.

संध्याकाळी गौरा आपण होऊन घरी आली. भागीरथेने तिच्या अंगातले काटे काढले.

दुसऱ्या दिवशी कळप दिसताच सहदेव गौरेच्या अंगाशी वाकला. ती गर्रकन वळली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. तो दुसऱ्या बाजूने गेला. ती पुन्हा वळली. त्याने गोंजारले, दरडावले. शेवटी त्याच्या डोक्यात तिडीक उठली आणि त्याने काठी उगारली. गौरेने डोळे मिटले, पण वळून आडोसा दिला नाही.

काठी तशीच उगारलेली राहिली. पाटलांवरचा सारा संताप, गाय कान हालवत नाही म्हणून बढाई मारणाऱ्या आपल्या जिभेवरचा संताप, तो या मुक्या जिवावर काढायला निघाला होता. त्याने काठी गुडघ्यावर मोडून भिरकावली.

मग दोर हातात घेऊन तो ताठ उभा राहिला आणि पुढे चालू लागला. गौरा मुकाट्याने मागून आली. कळपाने माणूस पाहिला, आणि दूरवर काळविटे उड्या घेत दिसेनाशी झाली.