बारा शब्द

“उचल! शिफा, उचल!” शांताराम सर खुर्चीच्या कडेवर येऊन ओरडले.

शिफाने मांडीला हात घातला, पण समोरची मुलगी त्याआधीच पोट टेकून मॅटवर पसरली होती. सरांनी पलीकडच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथला कोच प्रतीक आपल्या मुलीला सांगत होता, “उठाएगी! पसर जा!”

प्रतीक त्यांचाच जुना विद्यार्थी. शाळेला राज्याचं पहिलं सुवर्ण त्यानेच आणून दिलं होतं.

सोनागिरीच्या त्या शाळेत सर सव्वीस वर्षं कुस्ती शिकवत होते. मुलं सगळी हिंदी बोलणारी. आल्या दिवशी सर त्यांच्याकडून बारा मराठी शब्द पाठ करून घेत. डाव दाखवायचा असला की ‘बघ’. मग सगळ्या माना त्यांच्याकडे वळत. पुढे उचल, दाब, वळ, थांब. कोपऱ्यातून शब्द आला की करायचं, विचार करत बसायचं नाही. समोरच्याला काही कळायचं नाही. एक्केचाळीस पदकं अशीच आली होती.

अंतिम कुस्तीची पहिली फेरी संपल्याची शिटी झाली. तीस सेकंदांची उसंत. शिफा धापा टाकत आली.

“सर, उसको सब पता चल रहा है.”

“मालूम है.”

सरांनी घाईत पाण्याची बाटली उघडली, पाणी तिच्या बुटांवर सांडलं. वर प्रेक्षकांत शाळेचे प्राचार्य बसले होते. यंदा सुवर्ण आलं नाही तर कुस्तीचा हॉल कोचिंग क्लासला, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. सोमवारी माणसं येऊन हॉलची मापंही घेऊन गेली होती.

“तो आज मत बोलिए ना, सर.”

“नहीं बोला तो क्या करेगी?”

शिफाने टॉवेलात तोंड पुसलं.

“पता नहीं, सर.”

दुसरी फेरी सुरू झाली. सर ओठ मिटून बसले. शिफा कुणी बोलावण्याची वाट पाहावी तशी उभी होती. हात पुढे, पाय जागच्या जागी. चार-चार गुण. पन्नास सेकंद. चाळीस. समोरची मुलगी डावीकडून आत येत होती, उजवी बाजू उघडी पडली होती. सरांना ते दिसत होतं. ‘वळ’ म्हटलं तर प्रतीकलाही ऐकू जाणार.

तीस सेकंद. सर उभे राहिले आणि आतून घरातली मराठी बाहेर आली.

“शिफा! अगं, तुझं तू बघ!”

त्यातला एकच शब्द तिच्या ओळखीचा होता. तिने मान वळवली आणि रोज हॉलमध्ये पाहायची तशी, डोळे मोठे करून, सरांकडे पाहिलं.

समोरची मुलगी पायात शिरली. शिफाचे दोन्ही खांदे टेकले. पंचाने मॅटवर थाप मारली, शिटी वाजली.

प्रतीक येऊन सरांच्या पाया पडला आणि वर न बघताच निघून गेला.

शिफा मॅटच्या कडेला बसली होती. रडत नव्हती.

“सर, मैं देख तो रही थी,” ती म्हणाली. “आप क्या दिखाने वाले थे?”

तिच्या बुटाची नाडी सुटली होती. सर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी नाडीला हात लावला.

शिफाने पाय मागे घेतला.

“रहने दीजिए, सर. मैं बांध लूंगी.”