रस्त्यावरून न दिसणारी ओळ

शेती संशोधन केंद्रात साहेबांचा एक नियम होता: जे मोटारीतून दिसत नाही, ते झालेलंच नाही. म्हणून फाटकाशी गुलाब, कुंपणाला दरवर्षी नवा रंग आणि प्रयोगशाळेच्या गळक्या नळाला मात्र सुतळी. त्या नळाशेजारी बाई नऊ वर्षं बसत होत्या, करारावर. त्यांचं काम ऐकून घरातसुद्धा लोक हसत. नणंद पाहुण्यांना सांगायची, "आमच्या वहिनी मुळं धुतात, उकळतात आणि शाईत बुडवतात. पगार मिळतो त्याचा!"

खोटं नव्हतं ते. मक्याची बारीक मुळं उकळून पारदर्शक करायची, व्हिनेगरमध्ये शाई घालून रंगवायची आणि काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मग मुळाच्या आत इवली इवली निळी झुडपं दिसत. ती बुरशी. शिळ्या पावावरची नव्हे, ही उपकारी जातीची. मुळाचा हात पोचत नाही तिथवर तिचे धागे मातीत शिरतात, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ओढून आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. "फुकट कोणी राबत नाही," बाई म्हणायच्या. "बुरशीसुद्धा नाही. मी सोडून."

यंदा तपासणी समिती येणार होती. बुरशीचा विभाग ठेवायचा की गुंडाळायचा, हे ती ठरवणार होती. गुंडाळला तर बाईंची रवानगी भांडारात, ताडपत्र्या मोजायला. त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण ही बुरशी जिवंत मुळावाचून वाढत नाही; बाईंनी ती नऊ वर्षं कुंड्यांतल्या रोपांच्या मुळांवर जपली होती, आणि त्या कुंड्या उकिरड्यावर जाणार हे त्यांना सोसवत नव्हतं.

प्रयोगाचे वाफे दोन. डाव्यात बुरशी घातलेली, उजव्यात नाही. उजवीकडचा मका खुरटलेला, पानं जांभळट पडलेली, डावीकडचा तरतरीत. साहेबांनी मोटारीची काच खाली केली, बघितलं आणि नाक मुरडलं.

"हिरवा आहे हो बाई, पण तोंडातून 'वा!' निघत नाही. डाव्या वाफ्यात स्फुरदाचं खत टाका."

"नको साहेब. झाडाला आयतं मिळालं की ते बुरशीला आत घेईनासं होतं. गरज सरो, वैद्य मरो."

"समितीला मका दाखवायचाय, म्हणी नाही," साहेब म्हणाले आणि काच वर गेली.

माळीकाकांनी महिनाभर खत ओतलं. मका असा माजला की पानं काळी दिसू लागली. साहेबांनी पाटी लावली, 'उपकारी बुरशीची किमया', आणि तिच्याशेजारी उभं राहून स्वतःचे फोटो काढून घेतले. फक्त त्याच वाफ्यातली पंपघरामागची एक ओळ तेवढी बिनखताची राहिली. बाईंनी कारण विचारलं तेव्हा माळीकाका म्हणाले, "साहेबांचा हुकूम होता, रस्त्यावरून दिसेल तिथवर टाका. ही कुठे दिसतेय?" सांगकाम्या माणसाचे असेही उपकार होतात.

समितीच्या प्रमुख म्हणजे गमबूट घातलेल्या एक म्हाताऱ्या प्राध्यापक. मोटारीतून उतरून त्या थेट वाफ्यात शिरल्या. "मका छान," त्या म्हणाल्या. "आता मुळं दाखवा."

साहेबांचा चेहरा पडला. समिती चहाला बसली आणि बाई मुळं उकळायला लागल्या. तेवढ्यात साहेब आत येऊन कुजबुजले, "गेल्या वर्षीची काच लावा. कोणाला कळतंय?"

खरंच कोणाला कळलं नसतं. कुंड्या वाचल्या असत्या. बाईंचा हात जुन्या काचांच्या डबीपर्यंत गेलाही. पण नऊ वर्षांत त्यांनी एकच गोष्ट कमावली होती: त्यांच्या काचेवर जे दिसे ते खरं असे. ती घालवली तर कुंड्या वाचवून तरी काय दाखवायचं? त्यांनी माजलेल्या मक्याचं मूळ लावलं.

"इथे तर एक धागाही नाही," प्राध्यापकबाई म्हणाल्या.

साहेबांनी रुमाल काढला. बाईंनी दुसरी काच सरकवली. तिच्यात निळ्या झुडपांची नुसती दाटी होती.

"आणि हे कुठलं?"

"पंपघरामागच्या ओळीतलं. तिथे खत पोचलं नाही."

"म्हणजे खतानेच बुरशीला बाहेर काढलं!" प्राध्यापकबाई खूश झाल्या. "हे मुद्दाम केलंत?"

साहेब पडले तरी नाक वर. रुमाल खिशात घालून ते म्हणाले, "तोच तर आमचा प्रयोग, मॅडम!"

विभाग वाचला. साहेबांचा सत्कार झाला. आठवड्याभरात बाईंच्या हातात कागद पडला: विभागाचं महत्त्व वाढल्यामुळे तिथे करारावरचं माणूस ठेवणं उचित नाही. त्यांच्या जागी साहेबांचा भाचा आला आणि बाई भांडारात गेल्या. पहिल्या दिवशी ताडपत्र्यांच्या आडोशाला त्या मनसोक्त रडल्या. दुसऱ्या दिवशी माळीकाकांनी पंपघरामागची मुळांसकट माती एका फुटक्या बादलीत आणून दिली. बाईंनी भांडाराच्या मागच्या दाराशी तिच्यात मक्याचे चार दाणे टोचले.

भाचा मामाच्या वळणावर गेलेला. कुंड्या फोटोत हिरव्यागार दिसाव्यात म्हणून त्याने त्यांना भरभरून खत पाजलं. सहा महिन्यांनी कुंड्यांतल्या बुरशीचा नमुना मागणारं समितीचं पत्र आलं आणि साहेब चालत भांडारात आले. मोटार तिथवर जात नव्हती.

"बाई, एकाही कुंडीत काही उरलं नाही हो. मुळं कोरी करकरीत." बोलता बोलता त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. "ही... तीच का?"

"तीच."

साहेबांनी बादलीला हात घातला. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आधी माझी कायमची नेमणूक, साहेब. तुमच्या सहीने. आत्ता."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"बुरशीसुद्धा साखर घेतल्याशिवाय काम करत नाही."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. बघायला कोणीच नव्हतं. ते ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यावर बसले आणि खिसे चाचपू लागले. पेन नव्हतं. बाईंनी स्वतःचं दिलं. त्यात मुळं रंगवायची निळी शाई होती.