विल्फच्या बोटांवरची चार अक्षरे

मी एक जुनी शिवी आहे. इंग्रजीतली चार अक्षरे, ए, सी, ए, बी. अर्थ एकच, सगळे पोलीस हरामी. मित्रांनो, शिवीलाही आयुष्य असते. माझा पहिला उच्चार कोणी केला ते मलाही ठाऊक नाही. संपकऱ्यांच्या तोंडी होते, कैद्यांच्या तोंडी होते. पुढे भिंतींवर चढले, बनियनवर छापून विकली गेले.

पण माझे खरे घर विल्फ ग्रिमशॉचा उजवा हात. इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या कोळसा खाणींच्या संपात घोडेस्वार पोलिसांनी त्याला शेतातून पिटाळले, दंडुक्याने डोके फोडले आणि वर दंगलीचा आरोपही त्याच्यावरच ठेवला. कोठडीतल्या सोबत्याने सुई आणि काजळी घेऊन मला टोचले, एका बोटावर एक अक्षर.

विल्फने मला आधी मिरवले. खाण बंद पडल्यावर मात्र नोकरी मागायला जाताना तो हात खिशात ठेवू लागला. रस्त्यात अडवणारे पोलीस मला पाहिले की बोटे मागे पिरगाळत. त्याची मुलगी मॉरीन शाळेच्या दारात तो हात धरायला लाजे.

परवा विल्फ गेला. शवपेटीत ठेवण्यापूर्वी अंत्यविधीवाल्या बूथने कातडीसारख्या रंगलेपाची डबी उघडली आणि मॉरीनला विचारले, "झाकू ना, मॅडम?"

"झाका, झाका," दारातून विल्फचा धाकटा भाऊ रॉडनी म्हणाला. तो निवृत्त पोलीस. संपात खाणकामगारांसमोर पोलिसांच्या रांगेत उभा होता. "चर्चमध्ये चारचौघांत शोभा नको."

"राहू द्या, मिस्टर बूथ," मॉरीन म्हणाली.

"मी हात लावला नव्हता त्याला, पोरी."

"हो काका. तुम्ही नुसतं बघत होतात."

"उद्या खांदा तरी देऊ देशील?"

संपात जो पलीकडे उभा राहिला, त्याच्या खांद्यावर त्या गावात खाणकामगाराची शवपेटी चढत नाही. रॉडनीलाही ते माहीत होते.

"बाबांच्या खाणीतल्या पाळीतले सहाजण ठरलेत. तुम्ही मागच्या बाकावर बसा."

"चाळीस वर्षं झाली गं त्याला."

"बाबांनीही चाळीसच वर्षं ते सोसलं."

तो गेला. बूथने डबी मिटली.

मित्रांनो, मला तोंडपाठ करा असे मी म्हणत नाही. भिंतीवर दिसले तर खुशाल चुना फासा. पण मेलेल्याच्या हातावर रंगाचा बोळा फिरवू नका. त्याच्यावर काय गुजरले ते सांगायला आता त्याला तोंड उरलेले नाही.