वाचायचा राहिलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. रत्नागिरीतल्या एका लहानशा दवाखान्यात, प्रयोगशाळेच्या खालच्या खणात पडून असते. अंगावरच्या रेघा पुसट झाल्यात, तोंडाचा टवका उडालाय. नवखी माणसं मला थर्मामीटर समजतात, त्याचा मला भारी राग येतो.

माझा जन्म लांबच्या काचकारखान्यात झाला. भुशात गुंडाळलेली मी एसटीने घाट उतरून इथे आले. माझं काम सोपं होतं. पेशंटचं रक्त भरून मला स्टँडवर सरळ उभं करायचं आणि तासभर हात लावायचा नाही. रक्तातला तांबडा भाग हळूहळू खाली बसतो. तो जितका खाली जाईल, तितका अंगात कुठेतरी दाह जास्त. कुठे, ते मात्र मला सांगता येत नाही.

तो तास मला खायला उठायचा. प्रयोगशाळेतल्या मालनताई मला उभं करून दुसऱ्या कामाला लागायच्या. तास भरला की तांबडं किती खाली गेलं तो आकडा माझ्या रेघांवर वाचायच्या आणि मला धुऊन टाकायच्या. क्षयाच्या एखाद्या पेशंटचा आकडा मागच्या वेळेपेक्षा कमी आला, की "बघा, उतरला हो!" म्हणून त्याला दाखवायच्या. तेवढंच काय ते माझं कौतुक.

एकदा समोरच्या फ्रीजमध्ये एक बुटकी बाटली आली. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं नवं औषध होतं ते. डॉक्टरांनी मुंबईहून मुद्दाम मागवलेलं. "कळ आल्यापासून पहिल्या काही तासांत माणूस इथे पोहोचला पाहिजे, तरच याचा उपयोग," ते मालनताईंना म्हणाले. मला बाटलीचा हेवा वाटला. मी रखडत आकडा सांगणार आणि ती झटकन जीव वाचवणार!

भातकापणीनंतर एका सकाळी आतल्या गावातले शेतकरी गंगाराम यांना जीपमधून आणलं. मला वाटलं, आता फ्रीज उघडणार. पण डॉक्टरांनी कळ कधी आली ते विचारलं, तर ती आदल्या दिवशीची निघाली. फ्रीज बंदच राहिला.

दोन-तीन दिवसांनी गंगारामांना ताप आला आणि त्यांचं रक्त माझ्यात भरलं गेलं. त्यांची बायको येसूबाई मागोमाग आल्या आणि स्टँडसमोरच्या स्टुलावर बसल्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तो तास माझ्यासोबत बसलं होतं.

"मावशी, त्याच दिवशी का नाही आणलंत?" मालनताईंनी हळूच विचारलं.

"पेंढा रचताना छातीत कळ आली. वायू आसल म्हून मी ओवा दिला," येसूबाई म्हणाल्या. "मग घाम फुटला. शेजारी म्हनाले, जीप काढू. पन ह्यांनीच सांगितलान, लवूला मुंबयला फोन लावा. त्यो आल्याबिगर मी दवाखान्यात जायाचा न्हाय."

लवू त्यांचा मुलगा. आमच्याकडे घरातली मोठी गोष्ट मुंबईच्या मुलाला विचारल्याशिवाय होत नाही. तो मिळेल ती एसटी धरून धावत आला, दुसऱ्या दिवशी पोहोचला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आता तो दाराशी उभा राहून सारं ऐकत होता.

"आये, माजी कशाला वाट बघितलीत गो?" एवढंच तो म्हणाला.

येसूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "लाल लाल खाली चाललाय. ह्यो बरा म्हनायचा काय?"

बरा नव्हता. आकडा भराभर वाढत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? हृदय दुखावल्यावर मला ते कळायलाच दिवस लागतात. जे सगळ्यांना आधीच कळलंय, तेच मी उशिरा सांगते.

तास भरत आला होता. इतक्यात वॉर्डातून नर्स धावत आली आणि दोघांना घेऊन गेली. मालनताईही मागोमाग गेल्या. थोड्या वेळाने बाहेरून येसूबाईंचा हंबरडा ऐकू आला. मालनताई डोळे पुसत आल्या, त्यांनी आकडा न वाचताच मला धुतलं. स्टूल रिकामं होतं. समोर फ्रीजमध्ये ती बाटली तशीच होती.

पुढे नव्या नळ्या आल्या आणि मी खणात गेले. इथे मला कुणी विचारत नाही, मला एकटं वाटतं. पण त्याहून जास्त तो तास आठवतो.

मित्रांनो, घरात कुणाच्या छातीत कळ आली, घाम फुटला, तर आधी दवाखाना गाठा. मुंबईला फोन तिथून करा. वाट बघत उभं राहणं हे माझं काम आहे, तुमचं नाही.